पळसदेव : उणे टक्क्यांत दिसणारे गाव

उजनी धरण ‘उणे’मध्ये गेल्याची, म्हणजे पाणी वापराच्या ठरलेल्या पातळीखाली उतरल्याची बातमी आली की चार-सहा आठवड्यांत एरवी धरणात बुडालेल्या पळसनाथाच्या देवळाचे फोटो फिरू लागतात. आधी शिखर, मग मंडपाचे छत, शेवटी गाळात उभे असलेले खांब. गेल्या बारा-पंधरा वर्षांत दर मोठ्या दुष्काळात हे घडले आहे. फोटोंच्या गर्दीत गाव मात्र मागे पडते. इंदापूर तालुक्यातले भीमाकाठचे जुने पळसदेव एका देवळापुरते नव्हते. तिथे घरे होती, पाणवठे होते, नदीकाठची काळी जमीन होती.

देवळाच्या प्राचीन इतिहासाबद्दल थोडेच सांगतो. खाली दगडी बांधकाम आणि त्यावर पातळ विटा व चुन्याचे शिखर, अशी याची रचना आहे. लोक त्याला हेमाडपंती म्हणतात, पण महाराष्ट्रात कोणत्याही जुन्या दगडी देवळाला हाच शब्द चिकटतो. शिखरावर लहान शिखरांचे थर एकावर एक चढत जातात, त्या घडणीचे नाव भूमिज. सिन्नरचा गोंदेश्वर आणि अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर याच घराण्यातले. आवारात वीरगळ आणि सतीशिळा आहेत, म्हणजे गावाने लढाया पाहिल्या आणि त्यांत पडलेल्यांची आठवण दगडात ठेवली.

गावाचे आजचे रूप ठरले ते १९६६ मध्ये. त्या वर्षी माढा तालुक्यात उजनीजवळ भीमेवर धरणाची पायाभरणी झाली, आणि १९८० मध्ये धरण पूर्ण झाले. नदीचे खोरे इथे पसरट असल्याने पाणी उंच चढण्याऐवजी लांब पसरले. सुमारे २९ हजार हेक्टर जमीन बुडीत क्षेत्रात गेली. इंदापूर, दौंड, करमाळा, माढा आणि कर्जत या तालुक्यांतली गावे उठली. भूसंपादन झाले ते १८९४ च्या कायद्याखाली. त्यात जमिनीचा मोबदला होता, पण पुनर्वसनाचा हक्क नव्हता. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा, तोवर धरणाच्या कामाला दहा वर्षे झाली होती. पळसदेवकरांनी पुणे-सोलापूर रस्त्यालगत नवे गाव वसवले. देव नव्या गावात आणला आणि देऊळ खालीच राहिले.

देऊळ खाली ठेवण्याचा निर्णय आज वादाचा वाटतो आणि तो तसा वाटायला हवा. तेव्हा तंत्र उपलब्ध नव्हते, हे म्हणणे टिकत नाही. नागार्जुनसागरचे पाणी चढण्याआधी नागार्जुनकोंड्याचे उत्खनन झाले होते. तिथले महत्त्वाचे अवशेष उचलून टेकडीवर पुन्हा उभारले गेले, आणि ती टेकडी आज जलाशयातले बेट आहे. श्रीशैलम धरणाच्या वेळी संगमेश्वराचे देऊळ दगड-दगड सोडवून आलमपूरला नेले गेले. भीमेच्या खोऱ्यात असे काही झाले नाही. दगडी भाग सोडवता येतो, विटांचे शिखर तसे सोडवता येत नाही, ही अडचण खरी होती. पण निदान खांब, शिळा, वीरगळ वर आणता आले असते. ज्या काळात माणसांनाच जमिनीच्या बदल्यात जमीन मिळवताना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले, त्या काळात देवळाची बाजू मांडायला वेळ कुणाला असणार?

आता त्या ‘उणे’ शब्दाकडे वळू, कारण पळसदेवचे सगळे भवितव्य त्यात अडकले आहे.

उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातले ५३.५७ टीएमसी ‘उपयुक्त’ आणि ६३.६६ टीएमसी ‘मृत’. मृत साठा उपयुक्त साठ्याहून मोठा, अशी धरणे थोडीच. कालव्यात पाणी आपोआप चढावे यासाठी पातळी एका उंचीच्या वर असावी लागते. उजनीत ती उंची ४९१.०३ मीटर आहे. तिच्या खालचे सगळे पाणी हिशेबात मृत धरले जाते. पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी ४९६.८३ मीटर. म्हणजे शून्य टक्के आणि शंभर टक्के यांत पाण्याच्या उंचीचा फरक सहा मीटरही नाही. धरण ‘शून्यावर आले’ म्हणतात त्या दिवशी जुन्या गावावर अजून भरपूर पाणी असते.

मृत म्हटलेले पाणी प्रत्यक्षात मृत राहत नाही. सोलापूरच्या पिण्यासाठी, वारीच्या दिवसांत चंद्रभागेसाठी ते नदीत सोडले जाते. पाणफुगवट्यावरच्या मोटारी पाण्यामागे खाली सरकतात, आणि पाणी फारच लांब गेले की शेतकरी चारी खोदून ते मोटारीपर्यंत आणतात. हे सगळे पाणी ‘उणे’ खात्यात मांडले जाते, आणि टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्याच्या प्रमाणात. उणे ६० टक्के म्हणजे मृत साठ्यातले सुमारे ३२ टीएमसी संपले आणि जवळपास तेवढेच तळाशी उरले. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये उजनी या आकड्याजवळ गेली. पळसनाथ पूर्ण उघडा पडतो तो अशाच वर्षी.

शब्दाचा परिणाम इथे दिसतो. जे पाणी वापरायचे नाही असे गृहीत होते, त्याच्या तळातली गावे कायमची बुडाली असे धरले गेले. कायम बुडालेल्या जागेचे जतन करायचे नसते, म्हणून ते कुणाच्या कामाच्या यादीत आले नाही. पुढे वापर वाढत गेला आणि तळ उघडा पडू लागला, तरी यादी तीच राहिली. जमीन सरकारी, पाणी पाटबंधाऱ्याचे, देव गावाचा, आणि देऊळ या तिघांच्या मधे. पाण्यावरच्या हक्काचा वादही सुटलेला नाही. २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी पाणी देण्याचा निर्णय झाला आणि सोलापूर जिल्ह्यातल्या विरोधानंतर काही आठवड्यांत मागे घेतला गेला. ज्या तालुक्याची जमीन पाण्याखाली गेली, त्याला पाण्यासाठी रांगेत उभे राहावे लागते, हे पळसदेवच्या पारावर बसले की वारंवार ऐकू येते. सोलापूरची तहान खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण गमावले कुणी, हे पाणीवाटपाच्या चर्चेत लवकर विसरले जाते.

दगडाला सतत पाण्यात राहणे तितके बाधत नाही. बाधते ते ओले-कोरडे होणे. देऊळ उघडे पडले की दगडात आणि विटेत मुरलेले पाणी उन्हाने बाहेर येते, सोबत आणलेले क्षार पृष्ठभागाखाली साठतात, त्यांचे स्फटिक होतात आणि वरचा थर सुटतो. चुना हळूहळू धुऊन जातो. विटेचे शिखर यात सर्वांत दुबळे. त्यावर दर खेपेला माणसांचे ओझे येते. होड्या थेट भिंतीला लागतात, फोटोसाठी लोक शिखरावर चढतात, सुट्या शिळा हलवल्या जातात. देऊळ दिसते तेव्हाच ते सर्वांत धोक्यात असते.

पाणफुगवट्याने दुसरे जगही उभे केले. भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी येतात, चिलापी माशावर मच्छीमारांची घरे चालतात, पाणी ओसरले की गाळपेर जमिनीत पीक घेतले जाते. डिकसळचा इंग्रजी काळातला रेल्वे पूल रेल्वेमार्ग बदलल्यावर रस्त्यावरच्या वाहनांच्या रहदारीला कामी आला. जुन्या गावातले जे वापरात राहिले, त्याची थोडीफार निगा राखली गेली.

पळसदेवसाठी मागणी मोठी नाही. उणे पातळी ठरावीक आकड्याखाली गेली की त्याच आठवड्यात मोजमाप आणि छायाचित्रण व्हावे, शिखरावर चढायला बंदी असावी, वीरगळ-सतीशिळा नव्या गावात आणाव्यात, आणि ज्यांनी जुन्या गावात संसार केला त्यांच्याकडून गल्ल्यांचा नकाशा काढून घ्यावा. शेवटचे काम सर्वांत निकडीचे. धरण भरले तेव्हा विशीत असलेली माणसे आज पासष्टी ओलांडून गेली आहेत.

२०२४ च्या पावसाळ्यात दौंडवरून येणारा विसर्ग वाढला आणि ऑगस्टमध्ये उजनी शंभर टक्क्यांवर गेली. देऊळ त्याच्या कितीतरी आधी, आकडा अजून उणेच असताना पाण्याखाली गेले होते.