केरि: जुन्या जपानीतला ऐकीव भूतकाळ

‘क्षण म्हणजे जपानी सेत्सुना, कल्प म्हणजे को, म्हणजे जपानी संस्कृतातूनच निघाली’ असले संदेश समाजमाध्यमांवर सारखे फिरतात. हे शब्द मूळ संस्कृतच, पण ते बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांतून जपानला पोचले. उसन्या शब्दांवरून भाषांचं नातं ठरत नाही. जपानीचा स्वतःचा स्वभाव बघायचा तर तिचे प्रत्यय बघावेत.

आजच्या जपानीत भूतकाळासाठी ‘ता’ एवढ्या एकाच प्रत्ययावर भागतं. हेइआन काळात (794–1185) भूतकाळ आणि क्रियेची पूर्णता दाखवायला सहा होते: कि, केरि, त्सु, नु, तारि, रि. त्यातले पहिले दोन खास. दोन्ही क्रियापदाच्या ‘रेन्योकेइ’ या जोडरूपाला लागतात. ‘आरि’ म्हणजे असणे. त्यापासून आरिकि आणि आरिकेरि.

दोन्हींचा अर्थ ‘होता’, मग फरक काय? 1932 मध्ये भाषाअभ्यासक होसोए इक्की यांनी मांडलं की ‘कि’ स्वतः अनुभवलेल्या गोष्टीला आणि ‘केरि’ ऐकीव गोष्टीला लागतो. ‘इसे मोनोगातारि’ या हेइआन काळातल्या कथासंग्रहातल्या बऱ्याच कथा ‘मुकाशि, ओतोको आरिकेरि’ अशा सुरू होतात: पूर्वी एक पुरुष होता म्हणे. आपलं ‘म्हणे’ वाक्यात सुटं येतं, तिथे ते क्रियापदातच मुरलेलं आहे. ‘केरि’ची प्रचलित फोड कि (येणे) + आरि (असणे) अशी, इ आणि आ मिळून ए. म्हणजे मागून चालत येऊन आत्तापर्यंत पोचलेलं.

नामाआधी ‘कि’चं रूप ‘शि’ होतं, आणि विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच. ‘करणे’ या अर्थाच्या ‘सु’ क्रियापदाचं जोडरूपही ‘शि’च, शिवाय जोर देणारा एक ‘शि’ वेगळाच. म्हणून दोन्ही बाजू तपासायच्या: आधी जोडरूप आणि पुढे नाम असेल, तर तो भूतकाळाचा. ‘प्राचीन काळ’ या अर्थाचा इनिशिए हा शब्द असाच उलगडतो: इनि (जाणे) + शि + हे (दिशा), म्हणजे काळ गेला ती दिशा.

होसोएंचा नियम मात्र सगळीकडे बसत नाही. कधीच न पाहिलेल्या इतिहासालाही ‘कि’ लागलेला सापडतो. उलट, कवी फुजिवारा नो तेइका (1162–1241) शरदातल्या संध्याकाळी किनाऱ्यावर नजर टाकतो आणि म्हणतो, ‘हाना मो मोमिजि मो नाकारिकेरि’. दृश्य समोर आहे, ऐकीव काहीच नाही. इथला ‘केरि’ अचानक जाणवल्याचा: फुलं नाहीत, लाल पानंही नाहीतच की!