सोन्याच्या पट्ट्यांची मण्यार

नागपुरात मण्यार म्हटलं की काळ्याभोर अंगावर बारीक पांढऱ्या रेघा असलेला साप आठवतो. पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावणारी ती हीच. तिची थोरली बहीण मात्र फार थोड्यांनी पाहिली आहे. पट्टेरी मण्यार महाराष्ट्रात प्रामुख्याने पूर्व विदर्भात आढळते. बांध्यांचा म्हणजे भातखाचरांचा, मामा (माजी मालगुजारी) तलावांचा, ओलसर धुऱ्यांचा हा मुलूख तिला मानवतो.

एकदा पाहिली की ती विसरता येत नाही. काळा पट्टा, पिवळा पट्टा, जवळजवळ सारख्याच रुंदीचे, डोक्यापासून शेपटीपर्यंत. पाठीच्या मधोमध आढ्यासारखी उभी धार, त्यामुळे अंग तिकोनी दिसतं. शेपटीचं टोक बोथट, बोटाच्या पेरासारखं. लांबी दोन मीटरच्याही पुढे जाऊ शकते. मण्यारींमध्ये एवढी मोठी दुसरी नाही. सापांचे अभ्यासक पॅट्रिक रसेल यांनी १७९६ साली तिचं तेलुगू नाव नोंदवलं, त्याचा अर्थ 'सोन्याचा साप'. बंगारू म्हणजे सोनं. त्यावरूनच मण्यारींच्या साऱ्या कुळाला बंगारस हे शास्त्रीय नाव मिळालं.

तिचं मुख्य खाणं म्हणजे दुसरे साप. धामण, दिवड, कवड्या, जे हाती लागेल ते. जोडीला मासे, बेडूक, सरडेही चालतात. दिवसा ती वारुळात नाहीतर उंदरांच्या बिळात पडून असते. उजेडात डिवचली तर फणकारत नाही, पळतही नाही. वेटोळं करून डोकं त्याखाली लपवते. मादी अंडी घातल्यावर त्यांच्याभोवती वेटोळं घालून राखण करते.

या लाजऱ्या स्वभावामुळेच काही जण तिला हातात घेऊन फोटो काढतात. हे पाहिलं की माझा जीव खालीवर होतो. दिवसा सुस्त असलेला हा साप रात्री चपळ असतो, आणि विष दोन्ही वेळी तेच असतं.

मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचतो तो ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या हाती. मज्जातंतूच्या टोकातून ते सुटतं आणि स्नायूवरच्या ग्राहकात (रिसेप्टरमध्ये) बसतं, जणू कुलपात किल्ली. मण्यारींच्या विषातले काही घटक या कुलपात आधीच जाऊन बसतात, तर काही मज्जातंतूचं टोकच निकामी करतात. तैवानमध्ये चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी १९६३ साली तिथल्या मण्यारीच्या विषातून असा एक घटक वेगळा केला. तो इतका घट्ट चिकटतो की पुढे त्याच्याच मदतीने शास्त्रज्ञांना हे कुलूप शरीरातून वेगळं काढून अभ्यासता आलं.

चावल्या जागी सूज नसते, वेदनाही फारशी नसते. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बेतलेली आहे. त्यातली मण्यार म्हणजे ती साधी, रेघांची. पट्टेरीचं विष त्यात नाही. म्हणून कुणाला ती चावलीच तर गावठी उपचारात वेळ न दवडता, चावलेला अवयव न हलवता, व्हेंटिलेटर असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं. साप पकडून नेऊ नका, पिवळे पट्टे होते एवढं डॉक्टरांना सांगा. मज्जातंतूंची नवी टोकं उगवेपर्यंत यंत्राने श्वास द्यावा लागतो, कधी कित्येक दिवस. या काळात रुग्ण पापणीही हलवू शकत नाही, पाहणाऱ्याला वाटतं सगळं संपलं. पण तो शुद्धीवर असू शकतो, उशाशी बसलेल्या आईचं बोलणं त्याला ऐकू येत असतं.