एआय एजंटसाठी तुमच्या सॉफ्टवेअरची माहिती कशी लिहून घ्यावी

तुमच्या बिलिंगच्या किंवा साठ्याच्या सॉफ्टवेअरला आता एआय एजंट जोडता येतो. ‘तुर्भ्याच्या गोदामात लाल मिरची किती शिल्लक आहे?’ असं साध्या मराठीत विचारलं, की तो सॉफ्टवेअरमधलं योग्य टूल, म्हणजे एकेक काम करणारी सोय, निवडतो, रकाने भरतो आणि उत्तर आणून देतो. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला इतर सॉफ्टवेअरशी जोडायची ठरावीक पद्धत, सर्वांसाठी खुली केली, तेव्हापासून जोडणीचं काम बरंच सोपं झालंय. खरी मेहनत लागते ती प्रत्येक टूलची माहिती नीट लिहिण्यात. अशी जोडणी आम्ही करून देतो. हे पत्रक त्या लिहिण्याबद्दलच आहे, कारण ते काम तुमच्या माणसांशिवाय होत नाही.

एजंटला तुमची स्क्रीन दिसत नाही की कोड दिसत नाही. त्याच्यासमोर असतं टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी. त्यावरूनच तो ठरवतो. नवा कारकून अडला तर शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंट बरेचदा अंदाज बांधून पुढे जातो.

समजा वर्णन एवढंच आहे: ‘साठा अपडेट करते.’ रकाने तीन: माल, संख्या, तारीख. संख्या पोत्यांत की किलोत? भरलेला आकडा जुन्यात मिळवला जातो, की जुना पुसून नवा बसतो? ०४/०३ म्हणजे ४ मार्च की ३ एप्रिल? या शेवटच्या प्रश्नात तर आर्थिक वर्षच बदलतं.

तेच वर्णन आम्ही असं लिहू:

‘गोदामात प्रत्यक्ष मोजणी झाल्यावर एका मालाची शिल्लक बदलण्यासाठी. जुना आकडा पुसला जातो. वजन किलोतच द्यावं; पोती किंवा कट्टे सांगितले असतील तर आधी “पोत्याचं वजन” या टूलने किलो काढावेत. नवीन आवक इथे नोंदवू नये, त्यासाठी “आवक नोंद” आहे. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी: २०२६-०४-०३.’

यातलं ‘इथे नोंदवू नये’ हे वाक्य आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘पार्टी शोध’, ‘ग्राहक शोध’, ‘खाते शोध’ अशी जवळजवळची टूल्स असली की एजंट तिथेच गोंधळतो. कोणतं कधी वापरायचं नाही, हे प्रत्येकात लिहायलाच हवं.

काही चुकलं की सॉफ्टवेअर जो संदेश देतं, तोही तितकाच महत्त्वाचा. ‘एरर ४२२’ वाचून एजंटला काही कळत नाही. ‘जीएसटी क्रमांक १४ अक्षरी आलाय, १५ हवीत, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७’ असं लिहिलं की अडचण कुठे आहे ते कळतं. पण पुढे हेही लिहावं लागतं: ‘राहिलेलं अक्षर स्वतः भरू नये, वापरणाऱ्याला विचारावं.’ नाहीतर तो मनाने एखादं अक्षर बसवून क्रमांक पूर्ण करू शकतो.

काही कामं अशी, की झाली की झाली. ई-वे बिल तयार झाल्यावर ते २४ तासांच्या आतच रद्द करता येतं. इन्व्हॉइस पाठवताना नेट गेलं, उत्तर आलं नाही, की एजंट तीच विनंती पुन्हा पाठवतो आणि एकाच मालाची दोन बिलं निघतात. म्हणून अशा प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक देतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसरं बिल बनत नाही. माणसाची परवानगी लागणारी कामं आम्ही वर्णनात तर लिहितोच, पण प्रोग्रॅममध्येही अडवतो. नुसत्या वर्णनातली मनाई एजंट पाळेलच, याची खात्री आम्ही देत नाही. तुम्हीही कुणाच्या तशा खात्रीवर विसंबू नका.

टूलने एजंटला लांबलचक उतारे देणं टाळावं. पूर्ण वर्षाचं लेजर एकदम आलं तर कामाची ओळ त्यात हरवते. तारखेची मर्यादा ठेवलेली बरी.

चाचणी आम्ही तुमच्या डेटाच्या प्रतीवर घेतो, चालू हिशेबावर नाही. प्रश्न तुमच्याच लोकांचे, त्यांच्याच बोलीत, मराठी-हिंदी मिसळून. एजंटने चुकीचं टूल उचललं तर आम्ही आधी वर्णन तपासतो. बहुतेकदा दोष तिथेच सापडतो. पुढे सॉफ्टवेअरमध्ये एखादा रकाना बदलला तर आम्हाला लगेच कळवा, कारण जुन्या वर्णनावर एजंट बिनदिक्कत चुकीचं काम करत राहील.

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात पहिल्या बैठकीला येताना मालकांसोबत गोदाम सांभाळणारे आणि अकाउंट्स बघणारे, दोघंही हवेत. तुमच्याकडे कट्टा किती किलोचा धरतात, आंब्याची पेटी डझनावर मोजतात की वजनावर, उधारीची मुदत बिलाच्या तारखेपासून धरतात की माल पोचल्यापासून, हे त्यांनाच ठाऊक असतं. सोबत मागच्या महिन्यातली काही बिलं आणि ऑफिसात रोज विचारले जाणारे प्रश्न जसेच्या तसे लिहून आणा.