तिकीट तोडलं की स्वस्त पडतं?

नाशिकरोडच्या तिकीट खिडकीपासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: नागपूरला जाताना सलग तिकीट काढू नका, मनमाडला तोडा, पैसे वाचतात. वाचत नाहीत. उलट जास्त जातात.

आपल्या रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला कमी होत जातं. प्रवास तोडला की दुसऱ्या तिकिटाची मोजणी पुन्हा पहिल्या, महाग टप्प्यापासून सुरू होते. त्यात किमान अंतराची अट. स्लीपरला किमान 200 किलोमीटरचं भाडं लागतंच, थ्री टायर एसीला 300. नाशिकरोड ते मनमाड जेमतेम 73 किलोमीटर. म्हणजे उरलेल्या सव्वाशेहून जास्त किलोमीटरचे पैसे बसल्या जागी फुकट. शिवाय स्लीपरचे आरक्षणाचे 20 आणि सुपरफास्टचे 30 रुपये दोनदा.

मग हे आलं कुठून? ब्रिटनमध्ये ही युक्ती खरोखर चालते. तिथलं भाडं निव्वळ अंतरावर ठरत नाही, त्यामुळे दोन तुकड्यांची बेरीज कधीकधी सलग तिकिटापेक्षा कमी भरते. आपल्याकडे तो हिशेबच नाही.

मुंबईला जाताना कल्याणला उतरून पुढे लोकलनं जाणारे ‘आमचे वाचतात की’ म्हणतील. वाचतात, पण ते लोकलचं भाडं मुळात कमी म्हणून.

तिकीट तोडण्याचा एक खरा उपयोग आहे. सलग प्रवासाला वेटिंग असताना तुकड्यांत कधीकधी कन्फर्म जागा मिळते. मात्र मधेच बर्थ बदलावा लागू शकतो, तोही रात्री दोनला, सामानसुमानासकट.