वाळल्या मासळीतलं गोदावरीचं पाणी

नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेलगतच्या देगलूरच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीवाल्या मावशींच्या ताडपत्रीवर एक ढीग बोटाएवढ्या, चंदेरी पट्ट्याच्या माशांचा असतो. आपल्याकडचं गिऱ्हाईक त्याला सरसकट ‘सुकट’ म्हणून मोकळं होतं. तेलुगू बोलणारं मात्र ‘नेत्तल्लू’ कसे दिले, असं नाव घेऊन विचारतं. शेजारी मांदेली. दोन्ही अँकोव्ही कुळातले, पण समुद्र वेगवेगळे.

मांदेली हातात घेऊन बघा. तोंडाची फट पार डोळ्याच्या मागे गेलेली. खालचा जबडा आखूड आणि नाकाड पुढे आलेलं, त्यामुळे मासा कायम कसल्यातरी बातमीनं चकित झाल्यासारखा दिसतो. पोटाखालचा लांब पर थेट शेपटीला जाऊन मिळतो आणि अंग सुरीच्या पात्यासारखं निमुळतं होतं. ताज्या मांदेलीच्या कुशीवर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी असतात. ते उजेड देणारे अवयव आहेत. वाळवणात ते सोनं उडतं, म्हणून आपल्यापर्यंत येते ती फिकी मांदेली.

ती अरबी समुद्रातली, मुंबई-गुजरातकडची. तिकडच्या डोल जाळ्यात, म्हणजे प्रवाहात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, ती बोंबील आणि जवळा या बारीक कोळंबीसोबतच सापडते. ती जवळा खाते, तिला बोंबील खातो. मावशींच्या ताडपत्रीवर तिघंही शेजारी शेजारी. अख्खी अन्नसाखळी, पावशेराच्या भावात.

नेत्तल्लूची गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. मावशी सांगतात, हा माल आंध्रातल्या काकिनाड्याकडून येतो. म्हणजे गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूनं. त्र्यंबकेश्वराला उगम पावणारी ही नदी पश्चिमेचा जवळचा समुद्र सोडून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते, वाटेत पैठण, गंगाखेड, नांदेड. आपल्या काळ्या रानाखालचा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पावसात तो झिजतो, त्यातली सिलिका, म्हणजे वाळू-काचेतलं द्रव्य, पाण्यात विरघळते आणि ओढ्यानाल्यांतून गोदेत जाते.

समुद्रात या सिलिकेची वाट बघत असतात डायटम. एका पेशीची ही शैवालं स्वतःभोवती काचेच्याच जातीची डबी बांधतात. सिलिका नसेल तर डबी नाही, आणि वाढही नाही. डायटम खातात कोपेपॉड नावाचे टाचणीच्या टोकाएवढे जीव, आणि कोपेपॉडांच्या थव्यात नेत्तल्लू ते भलंमोठं तोंड उघडून घुसतात. कल्ल्यांतले कंगव्यासारखे दाते पाणी सोडतात, घास अडवतात. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावरचे त्यांचे भाऊबंद खोल समुद्रातून वर येणाऱ्या थंड, सकस पाण्यावर जगतात. १९७२ च्या एल निन्योत, म्हणजे तिथला समुद्र तापला तेव्हा, ते पाणी आटलं, भरीला बेसुमार मासेमारी, आणि तिथली मासेमारी कोसळली. इथल्यांची भिस्त पावसाळ्यावर आणि नदीवर बरीच जास्त.

आयुष्य आखूड. अंडी पाण्यावर तरंगतात, उबदार समुद्रात दिवसभरात फुटतात. जूनच्या पेरणीला निघालेलं पिल्लू दिवाळीपर्यंत स्वतः अंडी घालायच्या वयाला येतं. सोयाबीनचंच वेळापत्रक म्हणा ना! सुरमईपासून समुद्रपक्ष्यांपर्यंत सगळेच टपलेले असताना म्हातारपणाची वाट बघणं या माशाला परवडणारं नाही.

धरणांनी मात्र या हिशेबात हात घातलाय. जायकवाडी १९७६ साली पुरं झालं, खाली तेलंगणात श्रीरामसागर धरण आहेच. साठलेल्या पाण्यात गाळ तळाला बसतो, आणि धरणातलेच डायटम सिलिकेतला वाटा आधी काढून घेतात. पाणीवाटपाच्या भांडणात टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, मोजले जातात. सिलिका कुणी मागत नाही.

तरी काही जातंच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं नांदेड जिल्ह्यातल्या, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे राहतात. पाणी खाली निघून जातं आणि मासळी टेम्पोनं उलटी वर येते. किलोभर घेतली तर मावशी वर मूठभर जवळा टाकतात.