सार्वजनिक उद्याने : व्यवस्थापन व संरक्षण

शहरात सर्वांना खुल्या असलेल्या बागा राखणे, त्यांतील झाडे जगवणे आणि बागेची जमीन दुसऱ्या कामाकडे वळू न देणे, ही कामे या संज्ञेत येतात. महाराष्ट्रात ती मुख्यतः महानगरपालिका व नगरपरिषदा करतात. यांतले शेवटचे काम सर्वांत कठीण आहे. करपलेली हिरवळ एका पावसाळ्यात परत येते. गेलेली जमीन परत येत नाही.

जमिनीचे रक्षण विकास आराखड्यातील आरक्षणापासून, म्हणजे शहराच्या नियोजनात भूखंड बागेसाठी राखून ठेवण्यापासून सुरू होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार उद्यानाचे आरक्षण बदलायचे असल्यास कलम ३७ खाली जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. ही सूचना फार थोड्यांच्या नजरेस पडते, आणि अनेक भूखंडांचे भवितव्य त्या महिन्यातच ठरते. दुसरीकडे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा व सफाई बंधनकारक कर्तव्यांत मोडतात, बागा मात्र ऐच्छिक कर्तव्यांत. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत (नगरपालिकांच्या कामांच्या यादीत) उद्याने व क्रीडांगणे यांचा उल्लेख केला, तरी हा दुय्यमपणा सरला नाही.

न्यायालयांनी मात्र ठाम भूमिका घेतली आहे. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अवैध ठरवला. लखनौच्या अमीनाबादमधील झंडेवाला पार्कखाली भुयारी बाजार बांधला जात होता. १९९९ मध्ये न्यायालयाने तो पाडून उद्यान पूर्ववत करायला सांगितले. नगरपालिका ही अशा जागेची मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व या निकालाने पक्के केले.

झाडांसाठी १९७५ चा झाडे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्याने वृक्ष प्राधिकरण नेमले, विनापरवाना तोडीला बंदी घातली आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना ठरवून दिली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना ‘पुरातन वृक्ष’ हा दर्जा मिळाला. पण कुऱ्हाड न लावताही झाड मारता येते. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांना पाणी व हवा मिळत नाही, आणि अशा झाडाची नोंद कुठल्याच तोडीच्या अर्जात सापडत नाही. सुशोभीकरणाच्या नावाखाली होणारे हे नुकसान उद्यानांच्या अंदाजपत्रकातूनच होते, ही फार दुःखाची गोष्ट आहे.

रोजचे काम माळ्यांचे: वाफे खुरपणे, पावसाळ्याआधी धोकादायक फांद्या उतरवणे, पालापाचोळा न जाळता खड्ड्यात कुजवणे, कलमे करणे. हे कौशल्य हाताने शिकायचे असते. देखभाल अल्प मुदतीच्या ठेक्यावर गेली की झाड ओळखणारा माणूस दरवेळी बदलतो. मुंबईत मोकळ्या जागा खासगी संस्थांना दत्तक देण्याची पद्धतही वादग्रस्त ठरली, कारण काही ठिकाणी मैदानावर सभासदांचे क्लब उभे राहिले. २०१६ मध्ये विरोध वाढल्यावर महापालिकेने दोनशेहून अधिक भूखंड परत घेण्याच्या नोटिसा काढल्या.

भायखळ्याची राणीची बाग (आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) १८६२ मध्ये खुली झाली. ती मुळात वनस्पती उद्यान होती; प्राणिसंग्रह नंतर आला. आज बहुतेक लोक तिला प्राण्यांसाठीच ओळखतात. २००७ नंतर प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराची मोठी योजना पुढे आली, तेव्हा वनस्पतिप्रेमी नागरिकांनी बागेतली झाडे एकेक करून मोजली, ओळखली आणि नोंदवली. ती तीन हजारांहून अधिक भरली. त्यांत गोरखचिंचेसारखे प्रचंड बुंध्याचे वृक्ष होते. त्या यादीमुळे बागेत नेमके काय आहे ते कागदावर आले, आणि विरोधाला बोलायला जागा मिळाली.