एकदाच वाजलेला चर्प

इंग्रजीत चिमणी 'चर्प' करते आणि रातकिडाही 'चर्प'च करतो. मराठीत चिमणी चिवचिवते, रातकिडा किरकिरतो. शब्द सगळे आवाजावरूनच घडलेले, पण चर्प म्हणजे एकच सुटा, आखूड, बारीक आवाज. चिवचिव मात्र जन्मतःच जोडीने येते. आवाज पुन्हापुन्हा होतोय, हे त्या शब्दातच आलं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या बेल लॅबमधल्या रडारवाल्यांनी हा शब्द उचलला. रडारच्या एकाच स्पंदात, म्हणजे रेडिओलहरींच्या एका झटक्यात, वारंवारता सरकत नेली, तर स्पंद लांब ठेवूनही परतलेला प्रतिध्वनी गणिताने दाबून आखूड करता येतो आणि जवळजवळची दोन विमानं वेगळी ओळखू येतात. अशा सरकत्या संकेताचं नाव पडलं चर्प. कित्येक वटवाघळंही भक्ष्य शोधताना वारंवारता अशीच उतरवत नेतात.

मग आला १४ सप्टेंबर २०१५. त्या दिवशी पृथ्वीवर एक संकेत पोचला. तो निघाला तेव्हा सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत होती, एक ३६ सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं, दुसरं २९. अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या गुरुत्वलहरींतून ऊर्जा निसटते, तशी कक्षा आक्रसते. कक्षा आक्रसली की फिरण्याचा वेग वाढतो आणि ऊर्जा आणखी झपाट्याने जाते. म्हणून शेवटी सूर चढत जातो. गुरुत्वलहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही वेधशाळांत सुमारे ०.२ सेकंदात तो ३५ हर्ट्‌झवरून २५० हर्ट्‌झवर गेला, जवळजवळ तीन सप्तकं! या लहरी म्हणजे ध्वनी नव्हे. पण वारंवारता कानाच्या टप्प्यातली, त्यामुळे स्पीकरवर ऐकवता आली. सूर किती झपाट्याने चढतो यावरून जे वस्तुमान काढतात, त्याला शास्त्रज्ञ सरळ 'चर्प मास' म्हणतात. चिमणीच्या आवाजाचा शब्द समीकरणात जाऊन बसला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गोंगाटात बुडालेला असा संकेत हुडकायला त्याचे गणिती नमुने आधीच तयार लागतात. त्या कामात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ सालीच मोलाची भर घातली होती. आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. तिथल्या मुलांना हा संकेत समजावताना चिवचिव म्हणून भागणार नाही, कारण कृष्णविवरं विलीन होतात ती एकदाच. पण टपटप आणि टपकन, खटखट आणि खटकन हा भेद त्यांच्या बोलण्यात आहेच. मी त्यांना सांगेन, आकाश चिर्रकन वाजलं.